हिरालालच्या घरी बारा महिने झड

आष्टी, ६ जुलै २०२५

मामा,

आष्टीहून तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार, मामीलाही.

तुम्ही म्हणाल, या पोरीने पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी काम असणार. आहेच. आधी फोन तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तुम्ही "हॅलो, कोन? जोऱ्यानं बोल!" म्हणालात आणि ठेवून दिलात. एकेचाळीस वर्षं लग्नमंडपांना लाइटिंग करत जनरेटरच्या बाजूला उभं राहिल्यावर कानांनी तरी किती साथ द्यायची! म्हणून आता पत्र.

माझ्याकडे एक बेडूक आहे. हसू नका. आमच्या ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी आकांक्षा लग्न होऊन जर्मनीला गेली आणि जाताना तो माझ्या हवाली करून गेली. आपल्या नाल्यातला नव्हे हो, नाल्यातला घरात ठेवणं गुन्हा आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, झाडावर राहणारा. त्याची सरकारदरबारी नोंद आहे, कागद माझ्या पेटीत आहेत. हिरवागार, गुबगुबीत, आणि तोंड असं की सदा गालात हसतोय. मी त्याचं नाव हिरालाल ठेवलंय. काचेच्या पेटीत राहतो, वर जाळीचं झाकण. रातकिडे खातो.

अडचण अशी की माझी खोली उत्तरेची, खिडकीसमोर घरमालकाची भिंत. त्याला दिवस कधी उगवला, कधी मावळला हेच कळत नाही. बाहेर मिळणारा खास दिवा मागवायचा तर तासांवर मोजून मिळणाऱ्या माझ्या शिक्षिकेच्या पगाराचा अर्धा महिना त्यात जातो. म्हणून तुम्हाला विचारते. स्वस्तातला दिवा जमेल का? फार तापायला नको, त्याची कातडी फार नाजूक असते. त्याला ओल लागते, म्हणून मी दिवसातून तीनदा फवारा मारते, तेवढं लक्षात असू द्या. आणि छान असावा.

मी सात वर्षांची असताना सेलूच्या एका लग्नात मंडपाच्या खांबाला हात लावायला धावले होते, आठवतं? तुम्ही मला मागे ओढलंत आणि म्हणालात, "थांब. आधी माहा हात, मंग तुहा." मग बटण दाबून, अनवाणी पायांनी सगळ्या मंडपाला फेरी मारून, एकेका खांबाला उलटा हात, म्हणजे पंज्याची मागची बाजू, लावून आलात; झटका बसलाच तर मूठ मिटून खांबाला चिकटत नाही म्हणून. त्यानंतरच मला हात लावू दिलात. त्या दिवसापासून मला विजेची भीती वाटली नाही.

तुमची,
पौर्णिमा


सेलू, १४ जुलै

पौर्णिमे, खूप मोठी हो.

तुहं पत्र तुह्या मामीनं दोनदा वाचून दाखवलं, मंग मी चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचलं. तू पुस्तकातलं मराठी लिहितं, मी बोलतो तसंच लिहितो. मास्तरीणबाईनं लाल पेन नाई काढाचा.

बेडकाले लाइट! धनंजयले सांगतलं त तो पोट धरून हासला. म्हणे, "बाबा, बेडकी फुगली तरी बैल होत नाई, न तुमचा धंदा बैलावरून बेडकावर आला." हास म्हटलं लेका. त्याच्या त्या नव्या एलईडी पट्ट्या, मोबाइलवरून रंग बदलणाऱ्या, दुकानाच्या दर्शनी भागात. माहं सामान मांगच्या खोलीत. दोन सालापासून माह्या हाताले काम नाई. पण दुकानावर बोर्ड अजून माहाच आहे, तो त्यानं काढला नाई: "रूपराव लाइट डेकोरेशन, सेलू. एकेचाळीस वर्षे, एकही झटका नाही." असा बोर्ड पुऱ्या जिल्ह्यात कोणाचा असन त मले दाखव. तुह्या आष्टीच्या शहीद स्मारकावर बी दोन साल माहीच लाइटाची सिरीज लागलती.

तू लिहलं, छान असावा. त रूपरावचं छान म्हणजे काय, हे तुह्या हिरालालले समजलंच पाह्यजे. पार्सलात कमान पाठवून राह्यलो. पत्र्याची, वर मोर. नऊ झिरोचे बल्ब, तीन लाल, तीन हिरवे, तीन पिवळे. पेटीत उभी करजो न डायरेक्ट प्लगात लावजो. ओट्यावर दिवसभर जाळून पाह्यली. नऊही होल्डरले उलटा हात लावून पाह्यला. खणखणीत आहे.

पैशाचं नाव काढशीन त कान पिळीन. हिरालालजीले माहा रामराम. सेलूतल्या कापडवाल्या हिरालालले सांगू नको, तो रुसन.

रूपराव


आष्टी, २५ जुलै

मामा,

कमान मिळाली. मोर तर इतका सुबक की शेजारच्या शकुंतलाबाई पाहायला आल्या आणि अर्धा तास हलल्याच नाहीत. पत्र्याला तुम्ही कात्रीने दिलेली ती नक्षी आता कोण करतं? मी सगळ्यांना सांगते, माझ्या मामांनी केली आहे.

हिरालाल सध्या जास्त वेळ पानाखालीच बसतो. नवीन वस्तूची सवय व्हायला वेळ लागत असेल. मामा, पुढे कधी करायचा झाला तर थोडा मंद करता येईल का? घाई नाही, सहज विचारलं.

अक्षर वाकडं आलंय, माफ करा. डाव्या हाताने लिहितेय. फळ्यावर लिहून लिहून उजवा जरा दुखावलाय, दुसरं काही नाही.

मामीच्या डोळ्याचं कसं आहे? मोतीबिंदूनंतर चष्मा बदलून मिळाला का?

पौर्णिमा


सेलू, ३ ऑगस्ट

पौर्णिमे,

शकुंतलाबाई अर्धा तास हलल्या नाई म्हणते! हे मी चौकात चौघाले वाचून दाखवलं. आता सेलूत माहं नाव बेडूकवाला रूपराव पडलं, न मले काही वाईट नाई वाटून राह्यलं. उलट छाती फुगून राह्यली.

पानाखाली बसते त बसू दे. नवरदेव बी मंडपात पह्यले दोन घंटे मान खाली घालूनच बसते.

आता खरी बातमी आयक. धनंजय मालासाठी नागपूरले गेलता. तथी मासे न असे जनावरं विकणारं एक मोठं दुकान आहे. त्यानं मोबाइलवर मोराचा फोटू दाखवला, मालकाले पसंत पडला. बारा कमानी पाह्यजे म्हणे पोळ्याच्या आंधी! मजाकमजाकमधी दाखवलता पोट्ट्यानं, आता त्याचंच तोंड बंद झालं. काल सोता येऊन मांगच्या खोलीतला पत्रा बाहेर काढून देल्ला. म्हणे, "बाबा, कात्री धार लावून आणू काय?" दोन सालानंतर मले कामाचं काही इचारलं त्यानं. मी तोंड दुसरीकडं केलं न डोळे पुसले.

चार कमानी झाल्या. हुबेहूब तुह्यासारख्या. आठ बाकी. तुही मामी म्हणते, माणूस वीस वर्षानं लहान झाला.

हात कसा आहे? फळ्यावर लिहून हात दुखते हे मी पह्यल्यांदा आयकलं. हळद लाव.

रूपराव


आष्टी, ८ ऑगस्ट

मामा,

त्या बारा कमानी नागपूरला पाठवू नका. एकही पाठवू नका. हात जोडते.

मी खोटं लिहिलं. २१ जुलैला सकाळी मी नेहमीसारखा फवारा मारला आणि तिरकी झालेली कमान सरळ करायला पेटीत हात घातला. हात चिकटला, मामा. ओढता येईना. पायात रबरी चप्पल होती म्हणून असेल, एका झटक्याने सुटले आणि मागे भिंतीवर आपटले. दोन बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग आहेत. डॉक्टरांना दाखवलं, आता बरं आहे. हिरालाल त्या वेळी काचेला चिकटून होता, कमानीवर नव्हता. असता तर हे पत्र लिहायची माझ्यात हिंमत झाली नसती.

त्याआधीपासूनच त्याचं बिनसलं होतं. बल्ब दिवसभर तापायचे आणि पेटी वाळायची. त्याचा हिरवा रंग जाऊन मातकट झाला. प्लग काढल्यावरचे दिवस धरून सलग अकरा दिवस त्याने एक रातकिडा तोंडात घेतला नाही, आता कुठे एखादा घेतो. मी २१ तारखेलाच प्लग काढला आणि त्यानंतर तुम्हाला मोराचं कौतुक लिहीत बसले.

का लिहिलं ते सांगते. तुमच्या बोर्डावरची ती ओळ मला पाठ आहे. ती पुसायला लावणारी मी व्हावं, हे मला सोसलं नाही. मला वाटलं, माझ्यापुरतं झाकून जाईल. पण आता बारा अनोळखी घरांत ती कमान जाणार आणि कुणीतरी फवारा मारून हात घालणार. कुणाचं लेकरूही घालेल.

चूक माझीच आहे, पाणी मीच मारलं. कमान या पत्रासोबत परत पाठवते. रागवा, पण कळवा.

पौर्णिमा


आष्टी, २४ ऑगस्ट

मामा,

सोळा दिवस झाले. पोळाही झाला. दरवर्षी पोळ्याला तुमचं कार्ड येतं, यंदा आलं नाही.

धनंजयदादाला फोन केला. तो म्हणाला, "बाबांनी ऑर्डर सोडली," आणि फोन ठेवला. 

हिरालालने परवा दोन रातकिडे खाल्ले. खिडकीजवळ थोडा वेळ उजेड येतो तिथे पेटी सरकवून ठेवते, पण तो पुरत नाही. ही बातमी तुमच्याशिवाय कुणाला सांगायची, म्हणून लिहिलं.

एक ओळ लिहा. शिव्या दिल्या तरी चालतील.

पौर्णिमा


सेलू, ३० ऑगस्ट

पौर्णिमा बाई,

मी तुही मामी लिहून राह्यली, मनकर्णा. यायले, तुह्या मामाले, माहीत नाई.

तू काळजी नको करू. तुह्यावर राग नाई. सोतावर आहे. तुहं पत्र आलं त्याच दिवशी शिडी लावून बोर्ड खाली काढला न भिंतीले तोंड करून ठेवला. चारही कमानीचे वायर कैचीनं कापून टाकले. दोन दिवस जेवला नाई माणूस. धनंजयनं समजावाले पाह्यलं त म्हणे, "माह्या बहिणीच्या पोरीले माह्या हातचा करंट लागला, मले जेव म्हणतं?"

आता जेवते, पण दुसरंच सुरू आहे. न्हाणीतली माही बादली पळवली. तिच्यात काहीतरी बुडवते न घंटा घंटा तिच्यात हात घालून बसते. इचारलं त मले तथून हाकलते. शेजारची प्रमिलाबाई इचारत होती, भाऊजीचा हात मोडला काय म्हणून. मी म्हटलं, हात नाई मोडला, डोक्स्यात काही जोडून राह्यले.

माहा डोळा बेस आहे. हे पत्र मीच लिहलं, बिना चष्म्याचं.

मनकर्णा


सेलू, १४ सप्टेंबर

पौर्णिमे,

उशीर झाला. लिहाले तोंड नोतं.

पह्यले हे सांगतो का चूक तुही नाई. परत असं लिहजो नको. कमान उघडली त तीन नंबरच्या होल्डरात हिरवा गंज धरलता. जोडावर मी चिकटपट्टी मारलती, तिच्यात पाणी जमलतं. तथून करंट पत्र्यात उतरला. आन पत्रा म्हणजे सारी कमान, मोरासकट.

मंग तुहं पह्यलं पत्र काहाडून वाचलं. तू साफ लिहलतं, दिवसातून तीनदा फवारा मारते, लक्षात असू द्या. मी ते वाचलंच नाई. "छान असावा" तेवढं मोठ्ठं दिसलं मले. दिव्याखाली अंधार म्हणते, तो आमच्या घरी निघाला.

दोन रात्री झोप नाई लागली. एकेचाळीस वर्षांत झटका काऊन नाई बसला, याचा विचार केला. हुशारी आहेच, नाई असं नाई. पण लग्न उन्हाळ्यात राहते, कोरड्यात. आभाळ भरलं का मी मेन बंद करतो, मंग पुढारी येवो का व्याही येवो. तो माहा नेम. म्हणून मी कोरडा दिवा कोरड्या ओट्यावर कोरड्या हातानं तपासला न म्हटलं खणखणीत. अन तुह्या हिरालालच्या घरी त बारा महिने झड! तथी मेन बंद करून कसं चालन? मंडपवाल्याचीच चूक होय ही, दुसऱ्यानं केली नसती.

मंग उलटीकडून धरलं. झड थांबत नाई, त करंटच असा आणू जो झडीत बी चावणार नाई. धनंजयच्या दुकानातला इंटरनेटच्या डब्याचा जुना अडॅप्टर घेतला, बारा व्होल्टचा, चांगल्या कंपनीचा, उघडून तपासून. धनंजयच्याच पट्टीतला वीतभर तुकडा, पांढरा, रंग-बिंग काही नाई. तो प्लास्टिकच्या पारदर्शी नळीत घातला, दोन्ही तोंडं सिलिकॉननं बुजवली. पत्रा नाई, कुठं लोखंडाचा खिळा नाई. मोर बी नाई. मोर काढतानी जीवावर आलं, खोटं काऊन सांगू.

पण उजेड किती ठेवाचा हे समजेना. तवा तुह्या मामीची एक गोष्ट आठवली. मोतीबिंदूची पट्टी सोडली तवा मी घरी सारे लाइट लावून ठेवलते, सणावानी. ती डोळ्यावर पदर घेऊन म्हणे, "मले लाइट नको वो, उजेड पाह्यजे." तवा मी हासलो होतो. आता नळीवर बटर पेपरचा एक पदर चढवला न तिलेच म्हटलं, पाह्य बरं. तिनं डोळे नाई झाकले. तेच माप धरलं. आन पट्टी अर्ध्याच झाकणावर आहे, अर्धं मोकळं सोडलं. ज्याले सावली पाह्यजे त्यानं सावलीत जावं, मंग तो बेडूक का असेना.

आता लावाचं कसं, ते ध्यान देऊन वाच. हे चार जाग्यावर चुकशीन त माहं केलेलं वाया जाईन.

पट्टी पेटीच्या आत नाई, जाळीच्या वर ठेवजो, बाहेरून. अडॅप्टर पेटीपासून दूर, वर, कोरड्यात. वायर सरळ ताणून प्लगात नाई घालाची, मधात तिले पोट सोडाचं, खाली झोळ यावा. पाणी वायरवरून आलं त त्या पोटातून खाली टपकन, प्लगात नाई जाणार. संगं टायमर देल्ला आहे, सकाळी सातले चालू, संध्याकाळी सातले बंद. फवारा मारताना तरी बी प्लग काढजो. भरोसा आहे म्हणून आळस नाई कराचा.

ही पट्टी मी तीन दिवस तुह्या मामीच्या बादलीत बुडवून चालू ठेवली. पट्टी पाण्यात, अडॅप्टर वर खुंटीले कोरडा. न त्या पाण्यात माहा हात, अनवाणी उभं राहून. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पह्यले उलटा, मंग सरळ. मुंगी बी नाई चावली.

आधी माहा हात झाला, पोरी. आता तुहा.

त्या दोन बोटायवर अजून डाग आहे काय? लिहजो.

रूपराव


आष्टी, २८ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग पट्टी लावली. अगदी तुम्ही सांगितल्याप्रमाणे. वायरला पोट सोडलं आणि त्यावर मुद्दाम फवारा मारून पाहिला. पाणी खरंच पोटातून टपकलं, खाली चटईवर. प्लगाजवळ थेंब नाही. मी टाळ्या वाजवल्या, एकटीच.

खरं सांगते, पहिल्यांदा झाकणाला हात लावायला गेले आणि तसाच मागे घेतला. एकवीस जुलै आठवली. मग तुमची बादली आठवली आणि उलटा हात लावला. काही नाही. मग सरळ लावला.

आता हिरालालचं ऐका. पहिले दोन दिवस तो मोकळ्या, सावलीच्या बाजूला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला उजेड झाला तसा पानाखालून निघाला आणि बरोबर उजेड-सावलीच्या सीमेवर फांदीवर पाय पोटाशी घेऊन झोपला. संध्याकाळी सातला दिवा मालवला की पाच मिनिटांत डोळे उघडतो आणि शिकारीला निघतो. काल सहा रातकिडे खाल्ले. रंग पुन्हा हिरवागार, ताज्या मेथीसारखा. त्याला झगमगाट नको होता, मामा. त्याला फक्त दिवस आणि रात्र हवी होती.

मी तुमच्या पट्टीचा फोटो आणि लावायची सगळी रीत असे बेडूक पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली. लोक कुठकुठले आहेत, अमरावती, नाशिक, कोल्हापूर. कुणी बल्ब पेटीत टांगलाय, कुणाचा बेडूक त्याला चिकटून भाजलाय. सगळे विचारतायत, हा माणूस कोण, आम्हाला करून देईल का? परवडणारा आहे हो, सगळं सामान मिळून एका साध्या साडीच्या किमतीत बसतं. मी लिहिलं, माझे मामा आहेत, विचारून सांगते. "माझे मामा" लिहिताना माझी मान किती ताठ झाली होती ते तुम्ही पाहायला हवं होतं.

बोटांवरचे डाग आहेत अजून, पण दुखत नाही.

एक मागणं आहे. तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला बोर्ड परत लावा. मामीनं सांगितलं हं मला, तिला रागवू नका.

पौर्णिमा


सेलू, १२ ऑक्टोबर

पौर्णिमे,

बोर्ड लावला. पण होता तसा नाई लावला.

पेंटरले बोलावलं. म्हटलं, खालची ओळ पूस न नवी लिह: "एकेचाळीस वर्षे. झटका: एक." पेंटर मले दोनदा इचारे, भाऊ, खरंच असं लिहू काय? धनंजयनं त कपाळाले हात लावला. "बाबा, असा बोर्ड जगात कोणी लावते काय? ओळच नका लिहू. कोण इचारते? गिऱ्हाईक पळून जाईन." मी म्हटलं, एकेचाळीस वर्षं खरं लिहलं म्हणून लोकायनं लेकराबाळांसकट माह्या मंडपात पाय ठेवला. आता शेवटी शेवटी खोटं काऊन लिहू? न ओळ पुसली त तेबी खोटंच झालं. झालं ते झालं, ते तथंच राहू दे. चार दिवस बापलेकात बोलणं नोतं. आमी दोघंबी रुसण्यात सारखेच.

मंगळवारी तो नागपूरचा दुकानवाला सोता आला, ज्याच्या बारा कमानी मी सोडल्या. तुहा तो ग्रुपवरचा फोटू त्याच्याबी मोबाइलवर पोचलता. गाडीतून उतरला न बोर्ड वाचत उभा राह्यला. धनंजय माह्याकडं असा पाहे, जसं म्हणे, घ्या आता. तो माणूस आत आला न म्हणे, "काका, हा एक कोणता?" मी सारं सांगतलं. तुहं नाव, तारीख, तीन नंबरचा होल्डर, काही लपवलं नाई. मंग म्हटलं, आता नवीन पाहा. मांगं बादली भरून ठेवलीच होती.

मी हात घालाले वाकलो त धनंजयनं मले धरून बाजूले केलं. चपला काढल्या. बाही वर केली न म्हणे, "थांबा बाबा. आधी माहा हात."

पौर्णिमे, एकेचाळीस वर्षांत लोकायनं मले शाली देल्ल्या, नारळ देल्ले, एका आमदारानं गळ्यात हार घातला. त्या साऱ्यायपेक्षा हे मोठं होतं. पोट्टं उलटा हात पाण्यात घालून उभं, माह्याकडं पाहून हासून राह्यलं. कोणी शिकवलं नोतं त्याले. लहानपणी मंडपात माह्या मांगं मांगं फिरे, तवाच पाह्यलं असन.

दुकानवाल्यानं बारा नाई, चाळीस पट्ट्या सांगतल्या. म्हणे, जो माणूस एक झटका बोर्डावर लिहिते त्याचा दिवा मी डोळे झाकून विकीन. मी म्हटलं, डोळे झाकून नको, उलटा हात लावून विक.

आता मांगची खोली न पुढची खोली एक झाली. तो पट्टी कापते, मी सिलिकॉन भरतो. दिवाळीले येजो. हिरालालजीले कोणाच्या तरी हवाली करून येजो.

रूपराव


आष्टी, ९ नोव्हेंबर

मामा,

भाऊबीजेला येऊन गेले तेव्हा बोर्डाखाली उभी राहून फोटो काढला होता ना, तो मी छापून घेतला आणि त्याचं काय केलं ते सांगायला हे पत्र.

काल कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. मी हिरालालला नेलं, पेटीसकट, पट्टीसकट. तो बादशहासारखा फांदीवर झोपून होता. टेबलावर तुमचा बोर्डाचा फोटो ठेवला आणि खाली लिहिलं, दिवा करणारे: रूपराव आणि धनंजय, सेलू. गावातल्या शाळांची धरून अडीचशे पोरं येऊन गेली असतील. शकुंतलाबाईही आल्या. त्यांना मोर नाही म्हणून वाईट वाटलं, पण हिरालालचा रंग पाहून म्हणाल्या, "आता कसा जीवात जीव आला याच्या."

दुपारी पाचवीतली एक चुणचुणीत मुलगी आली, आचल नावाची. आली ती थेट पट्टीकडे हात घेऊन. आणि माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पुस्तकातलं मराठी नाही निघालं, मामा. मी म्हटलं, "थांब वो. आधी माहा हात." उलटा हात पट्टीवर ठेवला, तिला दाखवला, मग तिचा हात धरून पट्टीला लावला. तिचे डोळे एवढाले झाले.

मग ती तो फोटो वाचत बसली. एकेक अक्षर लावून. वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, झटका एक म्हणजे? एवढ्या वर्षांत एकालाच बसला? तो एक कोण?"

मी दोन बोटं तिच्यापुढे धरली, डागांसकट. आणि सगळा हॉल ऐकेल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "मी. मी त्यांची भाची."

झटका नंबर एक,
पौर्णिमा